मिठागरापासून गुऱ्हाळापर्यंत

फराळाचे डबे तळाला लागले, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि उटण्याचा वास न्हाणीघरातून ओसरला, की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : यंदा कुठे जायचे? चिरंजीव म्हणतात गोवा, कन्यारत्न म्हणते कुठेही चालेल पण थंडी हवी, वडील मंडळी 'कोल्हापूरच्या देवीचे दर्शन राहिले आहे' असे भिंतीकडे पाहत पुटपुटतात, आणि गृहिणी म्हणते, 'जिथे मला स्वयंपाक करावा लागणार नाही तिथे कुठेही.' चार माणसांची चार तोंडे चार दिशांना. मग दोन रविवार वाद होतो, आणि शेवटी मंडळी घरीच राहून पडदे धुतात.

अशा घरांसाठी एक तोडगा सुचवतो. समुद्र हवा त्याला समुद्र, थंडी हवी तिला थंडी, दर्शन हवे त्यांना दर्शन आणि शेवटी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पंगत, असे सगळे एकाच रस्त्यावर ओळीने मांडून ठेवलेले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिरोड्याच्या किनाऱ्यावरून निघायचे, सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढायचा, आजरा-गडहिंग्लजवरून कोल्हापूर गाठायचे. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. मोबाइलमधला नकाशा विचाराल तर तो साडेचार-पाच तास म्हणेल. मी म्हणतो, तीन दिवस घ्या. नकाशाला चहा प्यायचा नसतो, आणि त्याला आत्याही नसते. आमच्याबरोबर आत्या होती. तिच्याविषयी पुढे सांगेनच.

पहिला प्रश्न असा, की खालून वर जायचे की वरून खाली यायचे? पुष्कळ मंडळी घाटावरून कोकणात उतरतात. गोव्याला पोचण्याची घाई असते आणि घाट हा मधला अडथळा ठरतो. मला हे पटत नाही. उतरताना डोंगर तुमच्या पाठीमागे पडतो. चढताना मात्र तो आधी आभाळाच्या कडेला निळी रेघ म्हणून दिसतो, मग भिंत होतो, मग एकेक झाड वेगळे ओळखू येते आणि शेवटी आपण त्याच्या अंगावरच असतो. सह्याद्रीचे हे रूप खालून येणाऱ्यालाच दिसते. शिवाय कड्याचे तोंड पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर घाटाला लागलात तर ऊन तुमच्या पाठीशी आणि सगळा कडा उजळलेला. सकाळी चढलात तर ऊन डोळ्यांत आणि कडा सावलीत. एवढी साधी गोष्ट, पण प्रवासाची पत्रके कधी सांगत नाहीत.

घाट कोणता, हाही वाद आहे. कोल्हापूरला चढणाऱ्या वाटा अनेक : रत्नागिरीकडून आंबा, वैभववाडीकडून करूळ आणि भुईबावडा, कणकवलीकडून फोंडा. प्रत्येकाचे भक्त आहेत. फोंडा घाटाने गेलात तर वाटेत दाजीपूरचे गवे आणि राधानगरीचे धरण मिळते, त्याचीही गंमत आहेच. पण निघण्यापूर्वी घाट चालू आहे ना, एवढे मात्र विचारावे. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी २०२४ साली महिनोन्‌महिने बंद होता. पावसाळ्यात तर कोणत्याही घाटाचा भरवसा धरू नये. आंबोलीची बाजू मी घेतो ती या रस्त्याच्या पूर्वपुण्याईमुळे. बेळगावकडे आगगाडी येण्याआधी त्या मुलखाचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि तिथून वर जाई. आधी रामघाटाने, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा गाडीरस्ता झाल्यावर त्या रस्त्याने. पुढे मुरगावचे बंदर आणि तिथली रेल्वे आली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. पण रस्ता राहिला. वर जाणारे मीठ, नारळ, सुके मासे आणि खाली येणारा गूळ, मिरची, धान्य यांनी हा रस्ता घडवला आहे. वळणे बैलांच्या सोयीची आहेत. म्हणूनच तो माणसाला घाई करू देत नाही.

आता ऋतू. इथे मात्र मन घट्ट करावे लागते, कारण सगळे एकदम मिळत नाही. आषाढ-श्रावणात आंबोलीचे धबधबे पाहावेत. वर्षाला सात-साडेसात हजार मिलिमीटर पाऊस झेलणारे ते गाव आहे, तेव्हा पाण्याला तोटा नाही. पण शनिवार-रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसे जास्त कोसळतात. मोटारींची रांग, रस्त्यावर फुटलेल्या बाटल्या, ओल्या बनियनवरची नाचगाणी. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी ती हौस सोमवार-मंगळवारी भागवावी. दिवाळीनंतर लगेच निघालात तर भातकापणी चाललेली, हवा धुतलेली, आणि कार्तिकापासून कोकणातल्या जत्रा सुरू होतात म्हणून एखाद्या देवळापुढे रात्रभर दशावतारही मिळेल. पण मीठ मिळणार नाही. मिठागरे तेव्हा नुकतीच पावसातून वर आलेली असतात. बांधबंदिस्ती, चिखल काढणे हीच कामे चालतात. मीठ धरते ते उन्हे तापू लागल्यावर. उलट गुऱ्हाळे दिवाळीनंतर पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी विझतात. दोन्ही पाहायचे तर माघ गाठावा. आम्ही माघाच्या अखेरीस गेलो, २०२५ च्या फेब्रुवारीत. धबधब्यांवर पाणी सोडले, पण मिठाची पहिली रास आणि गुळाची शेवटची काहील दोन्ही पदरात पडली.

मुंबईकरांनी स्वतःची मोटार नेलीच पाहिजे असे नाही. कोकण रेल्वेने सावंतवाडीपर्यंत यावे आणि तिथून भाड्याची गाडी करावी. स्टेशन गावाबाहेर मळगावला आहे, हे सामान मोजताना लक्षात असू द्यावे. चालक तिथलाच घ्या. घाटात त्याचे हात सरावलेले असतात, आणि कोणत्या खानावळीत आज बांगडा ताजा आहे हे त्याला देवदयेने ठाऊक असते. परतीला कोल्हापुराहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. म्हणजे एका वाटेने गेलो आणि दुसऱ्या वाटेने आलो. तोच रस्ता दोनदा पाहावा लागत नाही.

पहिला दिवस किनाऱ्याला द्यावा. शिरोड्याचा वेळागर म्हणजे सुरूच्या बनाच्या सावलीत पसरलेली लांबच लांब वाळू. मुले पाण्यात जातील ती बाहेर यायची नाहीत, त्यांना तिथेच सोडून मोठ्यांपैकी एकाने पहारा करावा आणि बाकीच्यांनी गाव पाहावे. वि. स. खांडेकर १९२० साली इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि अठरा वर्षे राहिले. १९३८ साली ते कोल्हापूरला गेले ते कायमचे. म्हणजे आपण जो प्रवास तीन दिवसांत करणार, तो मराठीतल्या पहिल्या ज्ञानपीठविजेत्याने आयुष्यातून एकदा केला. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. शिरोड्यात सुरुवात केलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी ते पाहावे, हे ओघानेच आले.

शेजारी आरवली, म्हणजे जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मधली माणसे जिथे हिंडत असत ती भूमी. तिथला वेतोबा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. उभी, उंच मूर्ती. नवसाला केळ्यांचे घड, आणि पायाशी भक्तांनी वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी वहाणा. रात्री वेतोबा गावाच्या राखणीला फिरतो म्हणून वहाणा झिजतात, असे लोक सांगतात. आमच्या चिरंजीवांनी तळवे निरखून पाहिले आणि 'झिजल्यात खऱ्या' असा निर्वाळा दिला. देवाच्या बाबतीत एवढा पुरावा पुरे.

मिठागरे गावाच्या कडेला. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ फुटले की फळीने ओढून बांधावर रास घालायची. यंत्र नाही, धूर नाही, फक्त ऊन, वारा आणि पाठ मोडेतो काम. इथेच १९३० च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सत्याग्रहींनी मीठ उचलून कायदा मोडला आणि लाठ्या खाल्ल्या. आज ही मिठागरे पूर्वीच्या तोऱ्यात राहिलेली नाहीत. दुकानातल्या पुडीतल्या पांढऱ्याशुभ्र मिठापुढे हे करडे, जाडे मीठ कोण घेणार? लोणच्याला घेतात, मासे खारवायला घेतात. आणि आमच्या आत्याने घेतले.

आता आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. माहेर शिरोड्याचे. १९६६ साली लग्न होऊन ती गडहिंग्लजला गेली. त्या काळी कोकणात 'घाटावर दिली' हे शब्द जरा आवाज उतरवून बोलत. घाटावर मासे नाहीत, नारळ नाही, पाणी विहिरीतून शेंदायचे आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या! तिच्या आईने म्हणे वर्षभर भातावर तूप घेतले नाही. मात्र माघ-फाल्गुनात आजोबा एस.टी.च्या टपावर मिठाचे पोते, आमसुलांचा डबा आणि वीस-पंचवीस नारळ चढवून देत, आणि परतीच्या कुठल्यातरी गाडीने सासरहून गुळाच्या ढेपी उतरत. पत्रे कमीच जात. मीठ पोचले म्हणजे माहेरचे सुखरूप आहेत, गूळ पोचला म्हणजे मुलगी सुखात आहे, असा हिशेब होता. आजोबा गेले, पुढे २००९ साली माझे वडीलही गेले, घराला कुलूप लागले, आणि ती देवघेव थांबली.

यंदा घराच्या कागदपत्रांवर सही करायला आत्याला खाली यावे लागले. आम्ही चुलतभावंडे मिळून घर विकणार होतो. तिने वाद घातला नाही. सही केली, तुळशीपुढची रांगोळी पायाने पुसली जाऊ नये म्हणून कडेने चालली आणि मला म्हणाली, 'माका गाडीन् वर सोड. पण दिवसाउजेडी. माका घाट बघूचो आसा.'

मी म्हटले, 'अगं आत्या, अठ्ठावन्न वर्षे तू या घाटाने ये-जा करतेस!'

'करतंय रे. पण बघितलंय खंय? उतरताना डोळे माहेराक लागलेले, आणि चढताना पदर तोंडार.'

तेव्हा कळले. घाटात तिला गाडी लागे. दाणोली सोडली की ती डोके खिडकीच्या गजाला टेकून डोळे मिटून घेई ते आंबोलीला चहाच्या टपरीपुढे गाडी थांबेपर्यंत. अठ्ठावन्न वर्षे माहेर आणि सासर यांच्यामध्ये तिच्यापुरता एक काळोखच होता. डॉक्टरांनी गुडघ्यांकडे पाहून नाक मुरडले होते, गडहिंग्लजहून तिच्या मुलाचे दिवसाला तीन फोन येत होते, 'आईला रात्रीच्या गाडीने झोपवून आणा.' आम्ही दिवसाचाच बेत पक्का केला.

तेव्हा ज्यांच्याबरोबर गाडी लागणारी माणसे आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी, आत्यावर प्रयोग करून सिद्ध झालेल्या. अशा माणसाला पुढे बसवावे, चालकाशेजारी. मागून वळणे अंगावर येतात, पुढून ती आधी दिसतात. जेवण घाटापूर्वी दोन तास आणि निम्मे. सावंतवाडीच्या खानावळीत सोलकढीचा दुसरा पेला पुढे आला तरी हात आडवा धरावा, हे सांगायला सोपे आहे. तोंडात आलेपाक किंवा आवळासुपारी. काच चार बोटे खाली. आणि नजर मोबाइलवर नाही, लांब डोंगरावर. हे शेवटचे तरुण मंडळींना जड जाते.

सावंतवाडी दुपारपर्यंत उरकावी. मोती तलावाला फेरी, राजवाडा, आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. लाकडाचे आंबे, काजू, मिरच्या इतके हुबेहूब की घरी परातीत ठेवले तर पाहुणा हात घालतो. राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, एकूण एकशेवीस पाने. हा खेळ खेळणारे आता फारसे राहिले नाहीत, पण शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकात तो कारागीरवर्ग पुन्हा उभा केला म्हणून कला तरी टिकली. किंमत ऐकून चिरंजीव गप्प झाले. हाताने रंगवलेल्या एकशेवीस चित्रांना किंमत पडणारच.

तीन वाजता निघालो. दाणोलीला साटममहाराजांच्या मठाला हात जोडले आणि चढण लागली. झाडी दाट होत जाते, उजेड हिरवा होतो आणि दर वळणाला कान जरा दडपतात. मी आरशातून आत्याकडे पाहत होतो. तिने पदराचे टोक मुठीत धरले होते, पण तोंडाला लावले नव्हते. पहिल्या मोठ्या वळणावर दरी उघडली तेव्हा तिने 'अगो बाय!' एवढेच म्हटले. पुढे बराच वेळ काही बोलली नाही. धबधब्यापाशी पोचलो. माघात तो म्हणजे काळ्या कातळावरून ओघळणारे पाण्याचे चार धागे. माकडांनी गाडीला वेढा घातला. त्यांना काही खायला घालू नये. रस्त्यावरच्या वेफर्सना सोकावून ती रानातले चरणे विसरत चालली आहेत आणि गाड्यांखाली येतात.

तिथून जरा वर, कड्याच्या कठड्याशी थांबलो. खाली सगळे तळकोकण उन्हात पसरलेले, आणि पार टोकाला, हवा स्वच्छ होती म्हणून, समुद्राची चकाकती पट्टी. आत्याने विचारले, 'ह्या धबधब्याचा पाणी खंय जाता?'

सांगितले : खाली दाणोलीकडे, तिथून बांद्याच्या नदीला, तीच पुढे तेरेखोलची खाडी होते आणि रेडीच्या पलीकडे समुद्राला मिळते. म्हणजे जवळजवळ आपण निघालो तिथेच. 'आणि हिरण्यकेशीचा?' हिरण्यकेशी इथून फार तर पाच किलोमीटरवर उगवते. पण तिचा उतार पूर्वेला. आजऱ्यावरून गडहिंग्लजला तुझ्या घराशेजारून जाते, पुढे घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. एकाच आभाळातला पाऊस. चार पावले अलीकडे पडला तर दोन दिवसांत शिरोड्याच्या समुद्रात, पलीकडे पडला तर सबंध हिंदुस्थान ओलांडून परक्या समुद्रात.

आत्या कठड्याला धरून पुष्कळ वेळ उभी होती. मग म्हणाली, 'म्हंजे पाण्याकसुद्धा सासर-माहेर आसा तर.' आणि गाडीत जाऊन बसली.

रात्र आंबोलीत काढावी. गाव सुमारे सातशे मीटर उंचीवर, माघातही शाल लागते. बंगले, हॉटेले, सरकारी निवास सगळे आहे. सुट्ट्यांत मात्र आधी सांगून ठेवावे. सूर्यास्ताला महादेवगडाच्या टोकावर जा, पण काळोख पडायच्या आत परता. कावळेसादला पावसाळ्यात दरीतला वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो, तो चमत्कार माघात नाही. पण दरी आहे, आणि ती पावसाळ्याइतकीच खोल आहे. फोटोपायी कठड्यावर चढणारी माणसे पाहिली की माझे पाय कापतात. मुलांचा हात सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशीला गेलो. डोंगराच्या पोटातून, गुहेतून पाणी बाहेर येते आणि देवळापुढच्या कुंडात साठते. थंड आणि काचेसारखे. या कुंडात बोटभर लांबीचा एक मासा राहतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी तो नवी जात म्हणून नोंदवला, त्याला नाव नदीचेच दिले, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा कुंडात फुले, दूध, साबण काही टाकू नये. देवाला चालेल, माशाला चालणार नाही. आत्याने ओंजळभर पाणी घेतले. गडहिंग्लजच्या घाटावर याच पाण्यात तिने चाळीस वर्षे धुणी धुतली. तिथे ते रुंद आणि गढूळ असते. 'लहानपणी चांगली दिसता,' ती नदीबद्दल म्हणाली.

आंबोली सोडल्यावर दहाएक किलोमीटरवर नांगरतास. नदीने कातळात इतकी अरुंद आणि खोल चीर पाडली आहे की नांगराने तास ओढावे. पाणी बेताचे होते, पण चीर बघण्याजोगी. मग रस्ता आजऱ्याकडे वळतो. इथे रान दाट आहे. गेल्या वीसेक वर्षांत आजरा-चंदगडच्या बाजूला रानटी हत्तीही येऊ लागले आहेत. म्हणून हा टप्पा दिवसाच करावा. काजूची झाडे, मधेच भाताची खाचरे, आणि खाचरांत पिकणारा घनसाळ तांदूळ. आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिजताना त्याचा वास शेजारच्या घरी कळतो, म्हणून पूर्वी गरिबाघरी तो लपूनछपून शिजवता येत नसे, असे आजऱ्याच्या दुकानदाराने सांगितले. दोन किलो घेतला. तो खरा असल्याचे घरी कळले.

या रस्त्यावर माझ्या दृष्टीने सगळ्यात मौजेची गोष्ट घडली ती कुठल्याही नकाशात नाही. आंबोलीपर्यंत आत्या अस्सल मालवणीत बोलत होती. गवसे गाव गेले, शेताडी सुरू झाली, आणि चालकाने वाट विचारली तेव्हा आत्या म्हणाली, 'सरळच हाय की रस्ता. म्होरं डावीकडं घे.' आम्ही सगळे वळून पाहू लागलो. तिला पत्ताच नव्हता. जांभा दगड मागे पडून माती काळी होत गेली, नारळाऐवजी ऊस आला, आणि आत्याची 'आसा' 'हाय' झाली. सून फोनवर होती तेव्हा तर तिने एक-दोन वाक्ये कानडीतही ठोकली. ही बाई अर्धे आयुष्य नव्हे, सबंध आयुष्य दोनदा जगली आहे, आणि आम्ही मात्र ती 'घाटावर दिली' म्हणून हळहळत बसलो होतो.

गडहिंग्लजच्या अलीकडे रस्त्याला लागूनच गुऱ्हाळ पेटले होते. गुऱ्हाळ शोधायला पाटीची गरज नसते, वास घेत जावे. चरकातून रस पडतो, गाळून मोठ्या काहिलीत जातो. खाली चुलवणात वाळलेल्या चिपाडांचा जाळ. उसानेच उसाला शिजवायचे, लाकूड लागत नाही. रस तापला की रानभेंडीचे चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. मग रस उकळत, फुगत, सोनेरी होत जातो. काहील उतरवायची केव्हा, हे ठरवणारा गुळव्या. त्याने थेंबभर पाक पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळून पाहिली आणि मान हलवली. मिनिटभर लवकर तर काकवीच राहते, मिनिटभर उशीर तर गूळ काळा. त्या मिनिटासाठी त्याला मजुरी. मग चार माणसांनी काहील आडवी करून वाफ्यात ओतली, घोटली, आणि कोमट गूळ साच्यांत भरला. मुलांनी उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून खाल्ला. दुपारचे जेवण त्यांना त्या दिवशी लागले नाही. दारूगोळ्यासारखी ही वस्तू आहे, तोंड भाजते, फुंकून खावी.

घरापुढे गाडी थांबली तेव्हा आत्याचा मुलगा दारातच होता. आईचा चेहरा पाहून त्याने विचारले, 'लागली न्हाई गाडी?' ती म्हणाली, 'न्हाई बाबा. समदा बघितला.' मग डिकी उघडून मिठाचे पोते काढायला लावले. दहा किलो शिरोड्याचे जाडे मीठ. सुनेने विचारले, एवढे कशाला, घरात आहे की मीठ. आत्याने ते मापाने चार ठिकाणी केले : एक घरात, एक शेजारी, एक जावेकडे, आणि चौथे देवघराच्या फडताळात वरच्या कप्प्यावर. त्या चौथ्याचे काय करणार हे आम्ही विचारले नाही.

पुढचा रस्ता झटकन उरकतो. संकेश्वरला महामार्ग लागतो. जरा मिरची घ्यायची असेल तर इथे घ्यावी, या मुलखाची लाल मिरची रंगाला आणि झणक्याला प्रसिद्ध आहे. निपाणी, कागल, आणि तासा-दीड तासात कोल्हापूर. कोल्हापुरात काय पाहावे हे सांगायला माझी गरज नाही. देवीचे दर्शन पहाटे घ्यावे, गर्दी कमी असते. रंकाळ्यावर संध्याकाळी बसावे. मिसळ कुठली खरी, यावर चालक, हॉटेलचा व्यवस्थापक आणि रिक्षावाला यांची तीन मते पडतील. तिन्ही खाऊन पाहण्याइतका वेळ ठेवावा. विद्यापीठातल्या खांडेकरांच्या संग्रहालयाला सुट्टीचा वार चुकवून जावे.

खर्चाचे विचाराल तर चार माणसांना तीन दिवसांत सर्वांत जास्त लागतो तो गाडीचा, मग मुक्कामाचा. जेवणे स्वस्तच पडतात, मासळी सोडून. सामान कमी न्यावे, कारण परतताना ते वाढणार. आम्ही जाताना दोन बॅगा नेल्या आणि येताना घनसाळ तांदूळ, मिरची, लाकडी आंबे, आणि आत्याने जबरदस्तीने गाडीत टाकलेल्या दोन ढेपी. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात हमालाने ते गोणपाट उचलले आणि 'साहेब, दगड भरलेत काय?' असे विचारले. गूळ आहे म्हटल्यावर त्याने तो हळूच वरच्या फळीवर ठेवला. ढेपी नेताना गोणपाटाखाली जाड कागद घालावा. पहाटे कल्याणला उतरलो तेव्हा खालच्या प्रवाशाच्या उशाला मुंग्यांची रांग लागली होती.